रक्ताची कल्हई

मार्गशीर्ष-पौषांत थंडी पडूं लागली आणि वालाच्या शेंगा भरल्या, कीं पनवेलच्या आसपासच्या गांवांतून पोपटीचे बेत ठरूं लागतात. मडक्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला अंथरावा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा भराव्या, मधून बटाटे, अंडीं किंवा मसाला चोळलेलें कोंबडें ठेवावें, तोंड पुन्हा पाल्यानें घट्ट बंद करावें, आणि मडकें बांधावर उपडें घालून भोंवतीं पेंढा व काटक्या पेटवून द्याव्या. मडकें उघडतांच जो वास सुटतो, तो ज्यानें एकदां घेतला त्याला थंडी आणि वाल या दोन गोष्टी मनांत निराळ्या करतां येत नाहींत. पोपटी वर्षांतून दोनचार वेळां होते. पण वालाचें बिरडें घरच्या जेवणांत नेहमींचेंच. अशा मुलखांत 'या मुलाला बीन्स देऊं नयेत' असा कागद एखाद्या घरीं आला, तर त्या घराची काय अवस्था होईल, याची कल्पना श्रोत्यांनीं करावी.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत पहिला नातू जन्मला आहे. दुसऱ्याच दिवशीं बाळाच्या डोळ्यांत आणि अंगावर पिवळेपणा दिसूं लागला, म्हणून रुग्णालयांत त्याला निळ्या दिव्याखालीं ठेवलें. रक्ताची तपासणी झाली. कावीळ उतरली, बाळ घरीं आलें. पण त्याच्याबरोबर एक छापील कागदहि आला. त्यावर लिहिलें होतें, 'जी-सिक्स-पी-डी न्यून.' खालीं वर्ज्य औषधांची यादी, आणि शेवटीं बीन्सची ती ओळ. आजीनें विचारलें, "म्हणजे वाल बंद? मग पावटे, घेवडा, चवळी, यांचें काय?" आजोबा म्हणाले, "आमच्या कुळांत असलें कांहीं कोणाला नव्हतें. हें आलें कोठून?" आणि हें विचारतांना त्यांची दृष्टि नकळत सुनेकडे वळली. सून कांहीं बोलली नाहीं. पण त्या दिवशीं तिच्या ताटांतला भात तसाच राहिला.

या घरापुढें तीन प्रश्न उभे आहेत. हें न्यून म्हणजे काय? तें आलें कोणाकडून? आणि या मुलानें खावें काय, टाळावें काय? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आज शास्त्राला ठाऊक आहेत. एवढेंच नव्हे, तर या न्यूनाच्या एका प्रकाराला पनवेलच्या शेजारच्या कल्याणचें नांव मिळालेलें आहे.

पहिला प्रश्न प्रथम घ्यावा. माणसाच्या रक्तांत तांबड्या पेशी असतात आणि त्या फुप्फुसांतील प्राणवायु अंगभर पोंचवितात, एवढें शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु ज्या प्राणवायूनें दिवा जळतो, त्याच प्राणवायूनें लोखंड गंजतें, ही गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते आणि तें सारें आयुष्य प्राणवायूच्या सहवासांत काढते. तेव्हां या गंजापासून स्वत:चा बचाव करणें तिला प्राप्तच असतें. त्यासाठीं तिच्या अंगीं ग्लूटाथायोन नांवाचें एक संरक्षक द्रव्य असतें. तें खर्च होतें आणि पुन:पुन्हा नवें करावें लागतें. तें नवें करण्याचें बळ ज्या विकरापासून, म्हणजे एन्झाइमपासून, मिळतें, त्याचें लांबलचक नांव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, आणि संक्षिप्त नांव जी-सिक्स-पी-डी. शरीराच्या इतर पेशींना हें बळ मिळविण्याचे दुसरेहि मार्ग आहेत. तांबड्या पेशीला मात्र हा एकच मार्ग मोकळा आहे.

ज्या घरांत पितळेचीं भांडीं वापरलीं गेलीं आहेत, तेथें ही गोष्ट चटकन् कळेल. पितळेच्या पातेल्याला आंतून कल्हई असावी लागते. ती शाबूत असेपर्यंत त्यांत दहीं ठेवलें काय किंवा चिंचेचें सार केलें काय, कांहीं बिघडत नाहीं. ती झिजली कीं आंबट पदार्थ कळकतो. म्हणून पूर्वीं कल्हईवाला दारीं येई, भाता लावी, नवसागराचा धूर उठे, आणि भांडीं पुन्हा चांदीसारखीं होऊन घरांत जात. तांबड्या पेशीच्या बाबतींत ग्लूटाथायोन ही कल्हई आणि जी-सिक्स-पी-डी हा कल्हईवाला. ज्या मुलाच्या शरीरांत हा विकर कमी किंवा दुबळा असतो, त्याच्या पेशींची कल्हई वेळेवर होत नाहीं. तरीहि रोजचा व्यवहार बिनबोभाट चालतो. कारण साधें पाणी भरून ठेवण्यास पातळ कल्हईहि पुरते. अडचण येते ती विशिष्ट औषध, विशिष्ट अन्न किंवा एखादा जंतुदोषाचा ज्वर यांचा भार पडला म्हणजे. मग कल्हई गेलेल्या पेशी भराभर फुटतात. एकदोन दिवसांतच मूल पांढरें पडतें, डोळे पिवळे होतात, धाप लागते आणि लघवी काळ्या चहासारखी होते. मोठ्यांना हें सोसतें. लहान मुलाच्या जिवावरहि बेतूं शकतें.

आतां हा कल्हईवाला दुबळा कां होतो? त्याचें उत्तर मराठी माणसाला एका वाक्प्रचारांत देतां येतें. 'ध चा मा झाला' असें म्हणण्याचा प्रघात आहे. १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्यामागें 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' असें केलें गेलें, ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. एक अक्षर बदललें आणि आज्ञेचा अर्थ पालटला. शरीरांतील प्रत्येक विकर कसा घडवावा, याचीहि अशीच लेखी आज्ञा असते. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची. आणि अशी एकेक आज्ञा म्हणजे एकेक जनुक. आईबापांकडून मुलाकडे या आज्ञापत्रांची नक्कल जाते. कोट्यवधि अक्षरांची नक्कल करतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें. या चुकीलाच उत्परिवर्तन म्हणतात. एकदां चूक झाली कीं पुढच्या लेखनिकाला मूळ पोथी पाहावयास मिळत नाहीं. तो समोरच्या चुकीचीच इमानेंइतबारें नक्कल करतो, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

जी-सिक्स-पी-डी ही ५१५ दुव्यांची एक सांखळी आहे. १९८४ मध्यें एका कोळी कुटुंबांत या विकराचा एक न्यून प्रकार सांपडल्याचें प्रसिद्ध झालें आणि त्याला 'कल्याण' असें नांव देण्यांत आलें. 'केरळ' नांवाचा दुसरा एक प्रकार त्यापूर्वींच नोंदला गेला होता. १९९२ मध्यें दोन्हींचीं आज्ञापत्रें अक्षरश: वाचून पाहण्यांत आलीं, तेव्हां दोन्हींत एकच चूक निघाली. ९४९ व्या स्थानचें अक्षर पालटलें होतें, आणि त्यामुळें सांखळींतील ३१७ व्या जागीं ग्लूटामिक आम्लाऐवजीं लायसिन येऊन बसलें होतें. ५१५ दुव्यांपैकीं एक दुवा! तेव्हांपासून ग्रंथांत या प्रकाराला 'केरळ-कल्याण' असें जोडनांव आहे. भारतांत आढळणाऱ्या प्रकारांत 'भूमध्यसागरी', 'केरळ-कल्याण' आणि 'ओरिसा' हे तीन प्रमुख मानले जातात. त्यांपैकीं पहिला अधिक तीव्र, दुसरे दोन तुलनेनें सौम्य.

एखाद्या रक्तगुणाला आपल्या बाजूच्या गांवाचें नांव मिळावें, हें प्रथमच घडलें असें नाहीं. १९५२ मध्यें डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत जो दुर्मिळ रक्तगट शोधून काढला, तो आजहि जगभर 'बॉम्बे' याच नांवानें ओळखला जातो. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत डॉ. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या पारशी समाजांत याच जी-सिक्स-पी-डीच्या न्यूनाचा अभ्यास केला. तेव्हां हा विषय परदेशांतून आलेला नाहीं. तो येथल्याच माणसांच्या रक्तांतून वाचला गेलेला आहे.

जगाला मात्र या न्यूनाचा पत्ता औषधाच्या वाटेनें लागला. हिंवतापावरील प्रायमाक्विन हें औषध अमेरिकेंत पुष्कळांना देण्यांत आलें, तेव्हां कांहींच्याच पेशी फुटूं लागल्या. इलिनॉय प्रांतांतील एका तुरुंगांतील कैद्यांवर प्रयोग करून १९५६ मध्यें संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं अशा माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी कमी असतें. आज जगांत सुमारें ४० कोटि माणसांत हें न्यून असावें असा अंदाज आहे. भारतांत कांहीं समाजांत तें जवळजवळ नाहींच, तर कांहींत शंभरांत वीसांहून अधिक जणांत आढळलें आहे.

इतकी मोठी चूक निसर्गानें खोडून कां टाकली नाहीं, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर हिंवतापांतच आहे. ज्या ज्या प्रदेशांत हिंवतापाचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याच प्रदेशांत हें न्यून विपुल दिसतें. हिंवतापाचा जंतु तांबड्या पेशींतच वाढतो. आणि कल्हई कच्ची असलेल्या पेशींत त्याचें नीट बस्तान बसत नाहीं. रक्तदोष आणि हिंवताप यांचा असा कांहीं संबंध असावा, हें अनुमान १९४९ च्या सुमारास जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं निराळ्या एका रक्तदोषाविषयीं मांडलें होतें. हेच हॉल्डेन पुढें भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्यें भुवनेश्वरला निवर्तले. तात्पर्य, ज्या चुकीनें आजच्या नातवाला कावीळ झाली, तिनेंच कदाचित् त्याच्या एखाद्या पणजोबाला खाडीकांठच्या हिंवतापांत तारलें असेल. तिला केवळ दोष म्हणणें हा अर्धाच न्याय होय.

आतां दुसरा प्रश्न. आणि घरांतील शांततेच्या दृष्टीनें तोच अधिक नाजूक आहे. या विकराचें आज्ञापत्र एक्स नांवाच्या गुणसूत्रावर असतें. स्त्रीला एक्स गुणसूत्रें दोन, पुरुषाला एक. मुलगा आपलें एकुलतें एक एक्स आईकडून घेतो; बापाकडून त्याला वाय मिळतें. म्हणून मुलाला हें न्यून येतें तें आईकडून. मग आजोबांची दृष्टि सुनेकडे वळली ती बरोबरच वळली, असें कोणी म्हणेल. पण येथेंच थांबून विचार केला पाहिजे. आईच्या दोन प्रतींपैकीं एक शुद्ध, एक चुकलेली. शुद्ध प्रतीच्या बळावर ती स्वत: बहुधा निरोगी असते, आणि आपल्याजवळ अशी दुसरी प्रत आहे हें तिला ठाऊकहि नसतें. ती प्रत तिला तिच्या आईकडून किंवा बापाकडून मिळालेली. तिच्या प्रत्येक मुलाला चुकलेली प्रत जाण्याचा संभव निम्मा. नाणें वर फेंकल्यासारखा. गरोदरपणीं तिनें काय खाल्लें, काय पाहिलें, कोठें गेली, यांचा त्याशीं काडीइतकाहि संबंध नाहीं.

शिवाय उलट बाजूहि आहे. न्यून असलेला पुरुष तें आपल्या एकाहि मुलाला देत नाहीं. पण प्रत्येक मुलीला देतो. म्हणजे घराण्याच्या नांवाबरोबर हें न्यून चालत नाहीं. तें लेकींबरोबर घरोघर जातें आणि कधीं मामाकडे, तर कधीं भाच्याकडे डोकें वर काढतें. 'आमच्या कुळांत नव्हतें' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाहीं. आजोबांच्या स्वत:च्या लेकीच्या घरीं तें अज्ञातपणें नांदत नसेलच, असें कोणीं सांगावें? कांहीं स्त्रियांतहि लक्षणें दिसतात. स्त्रीच्या प्रत्येक पेशींत दोन एक्सपैकीं एकच काम करतो, ही गोष्ट १९६१ मध्यें मेरी लायन यांनीं मांडली. त्यामुळें अशा स्त्रीच्या रक्तांत कांहीं पेशी चांगल्या कल्हईच्या आणि कांहीं कच्च्या, असें मिश्रण असतें. कच्च्यांची संख्या बरीच असली तर तिनेंहि औषधांच्या बाबतींत जपलें पाहिजे.

यामुळें लग्नें मोडावीं, असें यांत कांहींहि नाहीं. मोडतें तें लपविल्यामुळें. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलगी सासरहून निघते तेव्हां तिच्या पिशवींत साड्या असतात, डिंकाचे लाडू असतात; पण 'हिच्या भावाला जी-सिक्स-पी-डीचें न्यून आहे' असा चार शब्दांचा कागद नसतो. तो असला, तर जन्मलेल्या बाळाच्या काविळीकडे डॉक्टर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवतील. नवजात अर्भकाची कावीळ फार वाढली तर ती मेंदूंत शिरते, आणि मग मूल जगलें तरी त्याचें ऐकणें आणि हालचाल यांवर कायमचा घाला पडतो. कोंवळ्या उन्हांत निजवून किंवा गळ्यांत माळ घालून कावीळ उतरण्याची वाट पाहण्यांत जो वेळ जातो, तो अशा बाळाला परवडणारा नसतो.

तिसरा प्रश्न अन्नाचा. या न्यूनाचें एक जुनें नांव 'फॅविझम' असें आहे, आणि तें फावा नांवाच्या शेंगेवरून पडलें आहे. तीच आपल्याकडील बाजारांतली बाकला. भूमध्यसागराभोंवतालच्या देशांत ती मुख्य अन्नांपैकीं एक आहे. पायथागोरस हा ग्रीक तत्त्वज्ञ आपल्या शिष्यांना ती खाऊं देत नसे, अशी दंतकथा आहे. बाकल्यांत विसीन आणि कन्व्हिसीन हीं द्रव्यें असतात. पोटांत गेल्यावर त्यांपासून जे पदार्थ होतात ते तांबड्या पेशींवर प्राणवायूचा भडिमार करवितात आणि कल्हई उडवून लावतात. ताजी, कोंवळी बाकला अधिक घातक. आणि बळी पडतात तीं बहुधा लहान मुलें. अंगावर पाजणाऱ्या आईनें ती खाल्ली तर दुधावाटेहि बाळाला बाधते.

पण वाल म्हणजे बाकला नव्हे. दोन्ही शेंगवर्गांतील खऱ्या. तथापि चुलत घराण्यांतल्या. वालाची जात निराळी, आणि बाकल्यांतील तीं घातक द्रव्यें त्यांत नाहींत. पावटा, घेवडा, चवळी, मूग, मटकी, हरभरा, तूर यांविषयींहि भीति बाळगण्याचें कारण नाहीं. घोटाळा झाला तो भाषेचा. इंग्रजींत 'बीन' या एका शब्दांत डझनभर शेंगा बसतात. मराठींत प्रत्येकीला स्वतंत्र नांव आहे. कागदावर सरसकट बीन्स लिहिलें, आणि घरानें सगळीं कडधान्यें मुलाच्या ताटांतून काढलीं, तर ज्या मुलाला नवें रक्त घडवावयाचें आहे त्याच्याच तोंडचीं प्रथिनें गेलीं! शाकाहारी घरांत तर हें नुकसान दुप्पट. म्हणून नियम साधा ठेवावा : बाकला वर्ज्य, बाकी ताट पूर्ण. बाकला हल्लीं भाजून-खारवून पुड्यांतहि मिळते, तेव्हां पुडीवरील बारीक अक्षरें वाचण्याची संवय ठेवावी. रायगड जिल्ह्यांतील पुष्कळ माणसें अरबस्तानच्या आखातांत नोकरीला असतात. तिकडे न्याहारीला 'फूल' नांवाची जी उसळ मिळते ती बाकल्याचीच. आणि मिसर देशांत फलाफलहि तिचेंच करतात. ज्यांच्या घरांत हें न्यून आहे, त्यांनीं ही गोष्ट जाणाऱ्याच्या कानावर घालावी.

खरें पाहतां आपल्या मुलखांत अन्नापेक्षां औषधांचें आणि घरांतल्या वस्तूंचें भय अधिक आहे. बारशाच्या आधीं आजी ट्रंक उघडते. तींत जुन्या मऊ साड्यांचीं दुपटीं, टोपडीं, बाळंतविड्याचे कपडे जपून ठेवलेले असतात, आणि कोपऱ्यांत डांबरगोळ्या असतात. त्या गोळ्यांतील नॅफ्थलीन कपड्यांत मुरतें आणि वासावाटे व कातडीवाटे बाळाच्या अंगांत जातें. निरोगी बाळाला त्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. या बाळाचें रक्त मात्र त्यानें फुटूं शकतें. ज्या घरांत हें न्यून आहे तेथें डांबरगोळ्या आणूंच नयेत. कपड्यांना कीड लागूं नये म्हणून कडुनिंबाचा वाळला पाला किंवा वेखंड आपल्या पूर्वजांना पुरत होतें; तें आजहि पुरेल. हौसेनें तान्ह्याच्या तळहाता-तळपायांना मेंदी लावण्याचीहि प्रथा कांहीं घरांत आहे. तिनेंहि असाच अपाय झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत.

हिंवतापाचें औषध हा याहून मोठा प्रश्न. पनवेल तालुक्यांत नव्या वसाहतींचीं बांधकामें चालूच असतात, आणि पाणी सांचलें कीं डांस आलेच. वायव्हॅक्स जातीच्या हिंवतापांत जंतु यकृतांत दडून बसतात आणि पुन:पुन्हा उठतात. त्यांना तेथून हुसकण्यासाठीं प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावें लागतें. न्यून असलेल्या माणसाला हा रोजचा क्रम धोक्याचा. त्याला तेंच औषध आठवड्यांतून एकदां, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं देण्याची पद्धति आहे. तीहि रक्ताकडे लक्ष ठेवून. कुष्ठरोगावरील डॅप्सोन आणि मूत्रमार्गाच्या दाहावरील नायट्रोफ्युरान्टॉइन हींहि त्याच यादींतलीं. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणें कोणालाच हितकर नाहीं. या माणसाला तें सर्वांत कमी. आणि असें एखादें औषध घेतल्यावर लघवी काळसर झाली, तर उद्यांची वाट न पाहतां तें बंद करून रुग्णालय गाठावें.

तपासणीविषयीं एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. रक्त फुटल्यानंतर लगेच तपासणी केली, तर कधींकधीं ती चांगली येते आणि घरचीं माणसें नि:श्वास टाकतात. तो नि:श्वास फसवा असतो. कल्हई सर्वांत आधीं जाते ती जुन्या पेशींची, फुटतात त्याच. उरतात त्या नव्या, ज्यांत विकराचें प्रमाण अद्याप बरें असतें. मोडकीं भांडीं भंगारांत गेल्यावर मांडणी मोजली, तर सगळींच भांडीं चकचकीत दिसावयाचीं. म्हणून संशय असल्यास सुमारें तीन महिन्यांनीं पुन्हा तपासावें.

हें सारें ऐकून एखाद्यास वाटेल, कीं आतां प्रत्येकानें आपलीं आज्ञापत्रें वाचून घ्यावीं आणि त्याप्रमाणें ताट वाढावें. थुंकीचा नमुना घेऊन आहाराचें वेळापत्रक देणारे व्यवसाय हल्लीं निघालेहि आहेत. येथें तारतम्य हवें. एका अक्षरानें ज्यांचें अन्न ठरतें अशा व्याधि आहेत, पण थोड्या. १९३४ मध्यें नॉर्वेच्या फॉलिंग यांनीं ओळखलेल्या फेनिलकीटोनुरियांत मुलाला जन्मापासून विशिष्ट आहार दिला तर त्याची बुद्धि वांचते. न दिला तर जाते. मधुमेहासारख्या व्याधींत मात्र शेकडों अक्षरांचा थोडाथोडा हात असतो, आणि त्यांवरून एकट्यासाठीं निराळें ताट सांगणें हें अजून अंदाजाचेंच काम आहे. दुसरी गोष्ट, प्रत्येक उत्परिवर्तन वाईट नसतें. मोठेपणीं दूध न पचणें ही माणसाची मूळ स्थिति. तें पचविण्याची शक्ति ही नंतरच्या एका अक्षरबदलाची देणगी आहे.

तिसरी गोष्ट पुण्याजवळच्या गांवांनीं शिकविली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून सहा गांवांतील माता आणि त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळांचें जन्मतांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळांचें सुमारें ३.५. तरी हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांत चरबीचा वांटा त्या मानानें कमी नव्हता. मातांपैकीं बहुसंख्यांच्या रक्तांत बी-बारा जीवनसत्त्व कमी होतें, आणि त्याचें मुख्य कारण जनुकांत नसून ताटांत होतें. दूध, अंडीं, मासे फार थोडे. ताटांतली उणीव ताटांतच भरून काढतां येते. जें जनुकांत लिहिलें आहे तें बदलतां येत नाहीं. पण जें ताटांत वाढावयाचें तें घराच्या हातीं आहे, आणि पुष्कळदां दुसऱ्यानेंच पहिल्याचा उपद्रव टळतो.

आतां पुन्हा त्या घराकडे वळावें. आजी कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली. सोबत तिनें पदराच्या गांठींत मूठभर वाल बांधून नेले होते. ते टेबलावर ठेवून तिनें सरळ विचारलें, "हे चालतील का?" डॉक्टरांनीं दाणे पाहिले, हंसले, आणि लेखणी घेऊन कागदावरील 'बीन्स' हा शब्द खोडून त्याजागीं 'बाकला' असें लिहिलें. औषधांच्या यादीला मात्र त्यांनीं हात लावला नाहीं. उलट तिच्याखालीं डांबरगोळ्यांचें नांव वाढविलें. मग त्यांनीं आजोबांना बसवून घेतलें आणि एक्स-वायचा हिशेब कागदाच्या पाठीवर मांडून दाखविला. आजोबांनीं तो दोनदां वाचला. घरीं आल्यावर ते सुनेला म्हणाले, "सूनबाई, तुझ्या भावाचीहि तपासणी करून घे म्हणावें. त्यालाहि मुलीबाळी आहेत." याहून अधिक ते कांहीं बोलले नाहींत, पण तिला तेवढें पुरलें.

तो कागद आतां शिधापत्रिकेच्या डब्यांत आहे, आणि त्याची एक नक्कल सुनेच्या माहेरीं गेली आहे. ट्रंकेंतल्या डांबरगोळ्या जाऊन तेथें कडुनिंबाचा पाला आला आहे. पुढच्या थंडींत मूल वर्षाचें होईल. पोपटीचें मडकें उघडेल, वाफ निवेल, आणि आजी एक शेंग सोलून, दाणा बोटांत दाबून मऊ करून, नातवाच्या तोंडांत घालील.